हिरवी रेघ

आमच्या घरात जेवून उठताना मान खाली घालूनच उठावं लागे. त्यात विनयाचा काही भाग नव्हता. डोक्यावर ओल्या छपाईचे कागद टांगलेले असत, एवढंच. कसबा पेठेत तांबट आळीच्या अलीकडच्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबांचं स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि दोन्ही खोल्यांतून आरपार गेलेल्या सुतळ्या. सुतळ्यांना चिमट्यांनी कागद लटकत आणि त्यांच्याखाली आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, ताटं घेऊन बसत असू. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याला आईची सूचना मिळे, "जेवण झाल्यावर वाकून उठजा." माझे मामा एकदा पोटभर जेवून, तृप्त होऊन, ताठ उठले आणि टकलावर कुणाच्या तरी 'भव्य सेल'ची लाल अक्षरं घेऊन भंडाऱ्याच्या गाडीत बसले. वाटेत लोक का हसतात हे त्यांना घरी पोचून मामीनं आरसा दाखवल्यावर कळलं, कारण अक्षरं टकलावर उलटी उमटली होती आणि आरशात सरळ दिसली.

सकाळ झाली की तांबटांचे हातोडे सुरू होत. हंडे, बंब, घंगाळी ठोकण्याचा तो आवाज इतका सवयीचा होता की सुट्टीच्या दिवशी तो थांबला की आम्हाला कान दुखल्यासारखं व्हायचं. बाबांचा हातही त्या ठेक्यावर चाले. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर रंग ओतायचा आणि रबराची पट्टी एका दमात अलीकडून पलीकडे ओढायची. सर्र. जाळी उचलायची, कागद काढायचा, आईनं तो दोरीवर नेऊन लावायचा, दुसरा कागद ठेवायचा. सर्र. आईच्या गोळाभाताला थिनरचा किंचित वास येई. आई भंडाऱ्याकडची, बाबा पवनीचे. पुण्यात इतकी वर्षं काढूनही आमटीत गूळ घालायचं आईनं कधी मनावर घेतलं नाही. शेजारच्या काकू वाटीभर आमटी देऊन गेल्या की ती म्हणे, "चांगली होती, फक्त चहात टाकायची साखर चुकून हिच्यात पडली वाटते." काकूंच्या समोर नाही म्हणायची. काकू पुण्याच्या होत्या, उत्तर आलं असतं.

एका रंगाची छपाई कुणालाही जमते. खरं काम दुसऱ्या रंगापासून सुरू होतं. पहिला वाळल्यावर त्याच कागदावर दुसरा असा बसवायचा की दोघांमध्ये फट राहू नये आणि एक दुसऱ्यावर चढूही नये. बाबांचं त्या कामात नाव होतं. त्यांची परीक्षा दर वर्षी वैशाखात असे. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात लागणारे पंचशील ध्वज, कागदाच्या लांबच लांब पताका, बाबा छापत. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे उभे पट्टे आणि शेवटी त्याच पाचांच्या आडव्या तुकड्यांचा सहावा पट्टा. रंग पाच असले तरी जाळ्या चारच लागत, कारण पांढरा म्हणजे कागदच. "पांढरा छापता येत नाही, तो वाचवावा लागते," असं बाबा म्हणत. आमची शाई पातळ, आरपार. निळा जरा जरी पिवळ्यावर सरकला तर मध्ये हिरवी रेघ उमटायची. ध्वजात हिरवा नाही. असा बिघडलेला ध्वज बाबा बाजूला ठेवत. बाकी कामातला रद्दी कागद जाळ्या पुसायला जाई, फडताळात अंथरला जाई, भज्यांखाली येई. ध्वज मात्र फाडायचा नाही, पुसायला घ्यायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. तो पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत जाई. वर्षाला दोन-तीन जात असतील. मी लहान होते तेव्हापासूनची ती पेटी निम्मीसुद्धा भरली नव्हती, आणि आई त्याच पेटीत वर माझी जुनी स्वेटरं ठेवत असे.

आता माझ्याविषयी. मी तेव्हा बारावीला गटांगळी खाल्लेली, सतरा-अठरा वर्षांची आणि स्वतःला फार मोठी कलावंत समजणारी मुलगी होते. समोरच्या बिऱ्हाडात नुकतीच केबल आली होती. तिच्यावरच्या कार्यक्रमांत मला काडीचा रस नव्हता. दोन कार्यक्रमांच्या मधे पडद्यावर जे नाचत येई त्याच्यासाठी मी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. गुलाबी त्रिकोण, मोरपिशी अर्धवर्तुळं, पिवळ्या नागमोडी रेघा, काळ्या ठिपक्यांच्या रांगा, आणि प्रत्येक आकारापासून जरा सरकलेली त्याची काळी सावली. काही कशाशी जुळत नव्हतं आणि सगळं आनंदात होतं. तोपर्यंत आमच्या छपाईत वेलबुट्टी, कलश, मोर आणि फार झालं तर उगवता सूर्य. मी वहीच्या पानापानांवर त्रिकोण काढत सुटले. आईनं एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे समोसे, ह्या शेवया, ही बुंदी. दिवाळीचा फराळ मांडून राहिली का?" तेव्हापासून आमच्या घरात त्या नमुन्याचं नाव 'फराळ' पडलं. परवा माझ्या धाकट्या मुलीनं तिच्या फोनचं नवं कव्हर दाखवलं, त्यावर तोच फराळ. तिनं त्या शैलीचं खरं नाव सांगितलं, परदेशातल्या कुठल्याशा शहराचं. मी लगेच विसरले. आमचं नाव जास्त चांगलं होतं.

पहिलं काम आणलं मीच. बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या एका दुकानावर, लिमये सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्या काळी कॉम्प्युटरसमोर जाताना देवळात जाताना काढतात तशा चपला बाहेर काढाव्या लागत. दारावर सरांच्या हातची पाटी होती: 'यंत्राला हात लावण्यापूर्वी आपापले हात पाहावेत.' क्लास सुटला की प्रत्येक यंत्रावर धूळ बसू नये म्हणून रेक्झिनचं कव्हर घालत. त्या कव्हरांवर काहीतरी छापून हवं होतं. मी फराळ घेऊन गेले. सर म्हणाले, "यात कॉम्प्युटर कुठे आहे?" मी म्हणाले, "सर, कॉम्प्युटर आत असेल ना." यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि काम दिलं. शिवाय छपाईच्या बदल्यात मी दुपारी येऊन क्लासला बसायचं असंही ठरलं. आम्हाला कॉम्प्युटर कसा सुरू करायचा हे शिकवण्याआधी कसा बंद करायचा ते शिकवलं, यावरून सरांचा आमच्यावरचा विश्वास कळावा.

मी काढलेल्या नमुन्यात काळी सावली त्रिकोणापासून बोटभर सरकलेली होती. छपाई झाली तेव्हा मी क्लासला होते. परत आले तर कव्हरं दोरीवर वाळत होती, आणि सावली चार बोटं दूर जाऊन शेवयांना मधोमध कापत पलीकडे गेली होती. ठिपके अर्धे त्रिकोणात, अर्धे बाहेर. एकही कव्हर दुसऱ्यासारखं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. आई गॅसपाशी पाठमोरी होती. बाबा टेबलाशी, हातात रबराची पट्टी तशीच. ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला, पाहत होते; हे 'आवाजाच्या दिशेला' मला आज दिसतं, तेव्हा दिसलं नाही.

"बाबा," मी म्हणाले, "हे कसं सुचलं तुम्हाला?"

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली.

"माझ्यापेक्षा भारी झालंय. मला एवढी हिंमत झाली नसती. बघ ना गं आई."

"पाहिलं," आई म्हणाली.

"असंच," बाबा म्हणाले. "म्हटलं, जरा सोडून पाहू." आणि मग हसले.

लिमये सरांनी कव्हर उलटं-सुलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला. "हे मुद्दाम आहे की चुकलंय?"

"मुद्दाम आहे, सर. हल्ली असंच चालतं."

"बरं झालं सांगितलंत. चुकलेलं असतं तर परत केलं असतं. मुद्दाम चुकवलंय म्हटल्यावर ठेवून घ्यावं लागणार."

पण ती कव्हरं क्लासच्या पोरांना आवडली. मग एका आइस्क्रीमच्या दुकानाचे कागदी कप आले, व्हिडिओ गेमच्या पार्लरचे फलक आले, टी-शर्टवाले आले. नवीन दुकानं भराभर उघडत होती आणि सगळ्यांना जुनं काही नको होतं. मी त्रिकोण काढत होते, बाबा ते सरकवत होते. लग्नपत्रिका आल्या की बाबा म्हणत, "आता ते बारीक अक्षरांचं काम नको. तुझा फराळ बरा." मला वाटे, माझा बाप माझ्यामुळे मॉडर्न झाला. बिघडलेल्या टी-शर्टच्या कापडाचा मी स्वतःला पंजाबी ड्रेस शिवला, पाठीवर भलामोठा गुलाबी समोसा, कानात प्लास्टिकचे पिवळे त्रिकोण, आणि तशी लक्ष्मी रोडवरून संध्याकाळी चालत गेले. लोक वळून पाहत होते. मी मान ताठ ठेवली. त्या ड्रेसचा एक फोटो आहे. घरात कुणी फार रडवेलं झालं की आम्ही तो काढतो.

आता मागे पाहते तर सगळं समोरच होतं. रंगाच्या डब्यांच्या कड्यांना बाबांनी सुतळीच्या गाठी मारल्या होत्या, निळ्याला एक, पिवळ्याला दोन, लालला तीन. मी विचारलं, "डब्यांना राख्या बांधल्यात का?" आणि माझ्याच विनोदावर हसले. दिवेलागणीनंतर त्यांनी लूना चालवणं सोडलं, पेट्रोल महाग झालंय म्हणाले. बोळात लावलेल्या सायकलींना त्यांचा धक्का लागे आणि ते सायकलींना "माफ करा" म्हणत. मला ते त्यांचं विनोदीपण वाटे. आई ताट वाढताना भाजी नेहमी एकाच जागी वाढू लागली आणि मी मुद्दाम वाटी इकडची तिकडे केली की कधी नव्हे ती माझ्या हातावर चापट मारी. चापट खाऊन मी काय समजले? की आईचं वय होत चाललंय. आई तेव्हा चाळिशीचीही नव्हती.

त्या वैशाखाचे ध्वज छापताना बाबांनी मला टेबलाला हात लावू दिला नाही. "हे काम माझं." मला वाईट वाटलं नाही, सरळ पट्ट्यांत मला कसली कलाकारी दाखवता येणार होती. दुपारी मी क्लासला असे तेव्हा ते दोघं छापत. एका दुपारी मी लवकर आले तर आई पलंगाखालची पेटी बाहेर ओढून तिच्यावर बसलेली. आई दुपारची कधी बसत नसे. माझी स्वेटरं पलंगावर पडली होती.

"पेटीवर काय बसलीस?"

"पाय दुखून राहिले."

"मग पलंगावर बस की."

"तू जा न. चहा टाक."

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी मामा भंडाऱ्याहून येणार होते. मी त्यांना आणायला स्टेशनवर गेले आणि तिथून आम्ही दोघं थेट विहारात पोचलो. मामांनी टोपी घातली होती; पुण्याला येताना ते आता टोपी घालत. अंगणात खिरीचं पातेलं उतरवलेलं, वेलदोड्याचा वास, बायका पांढऱ्या साड्यांत, आणि पताकांच्या माळा अजून जमिनीवर गुंडाळलेल्याच. रामटेके गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, विहाराचं सगळं पाहणारे, एक माळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी तिचा एक ध्वज बोटांत धरला, उन्हाकडे केला, दुसरा धरला, तिसरा धरला. मी जवळ गेले. निळ्या आणि पिवळ्याच्या मधे हिरवी रेघ होती. कुठे दोऱ्याएवढी, कुठे बोटाएवढी. लाल आणि पांढऱ्याच्या सीमेवर कागद वाचलाच नव्हता.

गुरुजी काही म्हणाले नव्हते. मीच म्हणाले. लिमये सरांपुढे म्हटलं होतं त्याच ठसक्यात, कानातले त्रिकोण हलवत. "गुरुजी, हल्ली असंच चालतं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "पोरी, ध्वजात नाही चालत."

बाबा मागेच होते. आईचा हात त्यांच्या कोपराला होता. मला वाटलं, उन्हामुळे धरलाय.

"काय झालं गुरुजी?"

"काही नाही, मेश्राम. छान झालंय. एक रंग जरा जास्त झाला."

"कोणता?"

गुरुजींनी माळ खाली केली. आई खाली पाहू लागली. बाबांनी हात पुढे केला, गुरुजींनी माळ त्यांच्या हातात दिली. बाबांनी ध्वज डोळ्यांसमोर धरला, मग नाकाला लागेल इतका जवळ आणला, मग मान वळवून एका कडेनं पाहिलं, मग दुसऱ्या कडेनं. सगळं अंगण पाहत होतं. पोरं खिरीसाठी वाट्या वाजवत होती ती थांबली.

"कोणता रंग, विशू?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "हिरवा."

"कुठं?"

मी त्यांचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. बाबांनी बोट वरपासून खालपर्यंत नेलं, सावकाश. वाळलेल्या शाईवर शाई चढली की तिथं बारीकसा उंचवटा होतो. तो त्यांना लागला. दुसऱ्या ध्वजावर नेलं, तिथंही लागला. मग त्यांनी माळ नीट गुंडाळली, जशी होती तशी, आणि गुरुजींना म्हणाले, "आज झाकून ठेवा. मागच्या वर्षीचे असतील तर ते लावा." गुरुजी म्हणाले, "आहेत." मागच्या वर्षीचे नव्हते, मला माहीत होतं, पावसात गेले होते. बहुतेक बाबांनाही माहीत होतं. त्या वर्षी विहाराच्या कळसावर फक्त कापडी ध्वज लागला आणि खाली दोऱ्या तशाच मोकळ्या ताणलेल्या राहिल्या. वंदना झाली. खीर मिळाली. बाबांनी ती सगळी खाल्ली, वाटी चाटूनपुसून, कारण टाकली असती तर लोकांना वाईट वाटलं असतं.

घरी आल्यावर आईनं पलंगाखालची पेटी ओढत मला पुढच्या खोलीत नेलं. मामा आणि बाबा आत आडवे झाले होते. पेटी तिनं उघडली तर झाकण आपोआपच वर आलं, इतकं आत दाबलेलं होतं. काठोकाठ ध्वज. सगळे हिरव्या रेघेचे. "दोन महिने छापून राहिले होते," आई म्हणाली. "वाळले की बोट फिरवत. जे हाताला लागले ते मी इथं टाकले. मग जागा नाही उरली, तर बाकीचे त्यांना न सांगता माळेत लावले. मग म्हटलं, दोरीवर वाऱ्यात हलतात, कोणाला दिसते."

पवनीला माझ्या आजोबांचंही तसंच झालं होतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. कडेकडेनं अंधार आत येत जातो, आधी संध्याकाळ जाते, मग रंग, मग उरलेलं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवून झालं होतं, मला न सांगता. इलाज नव्हता. आज तरी आहे का, मला ठाऊक नाही. माझ्या वाट्याला ते आलं नाही, मुलाचे आणि मुलीचे डोळे मी तपासून घेतलेत. बाबांना इतकंच हवं होतं की जमेल तितके दिवस टेबलाशी उभं राहता यावं आणि माझं शिक्षण कुठेतरी लागावं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? पहिल्या दिवशी ती कव्हरं बिघडली तेव्हा ते म्हणाले, आता बंद करू, पोरीला सांगू. तेवढ्यात तू आली. म्हणाली, हे कसं सुचलं." आईनं पेटीतला एक ध्वज सरळ केला. "त्या दिवशी पोटभर जेवले. कितीक दिवसांनी. मग मी काय बोलू."

त्यावर मी काय केलं असेल? एखाद्या चांगल्या मुलीनं बाबांच्या गळ्यात पडून रडावं. मी आधी कानातले त्रिकोण काढले. मग ते कुठे ठेवावेत हे कळेना, म्हणून हातातच धरून बसले. त्यांची टोकं तळव्याला रुतत होती. तांबटांचे हातोडे बंद होते, सुट्टी होती ना. आतून मामांच्या घोरण्याचा आवाज येत होता आणि बाबांचा मुळीच येत नव्हता. ते जागे होते आणि सगळं ऐकत होते, हे आम्हा दोघींना कळत होतं. आम्ही आवाज हळू केला नाही.

फराळ मग आणखी काही वर्षं चालला. बाबा सरकवत, मी आता मुद्दाम जास्तच सरकलेले नमुने काढून देत असे, इतके की त्यात चुकायला जागाच उरू नये. लिमये सर एकदा म्हणाले, "मेश्रामबाई, तुमच्यात आता शिस्त येत चाललीय, सांभाळा." मग त्यांच्याच क्लासमध्ये कॉम्प्युटरवर डिझाइन शिकवायला मी लागले. त्यात रंगाला रंग आपोआप जुळे, माउसची एक टिचकी. पहिल्यांदा ते जुळताना पाहिलं तेव्हा मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले होते. घरी कुणाला सांगितलं नाही.

ध्वज मात्र टेबलावरच. पुढच्या वैशाखापासून ते मी छापू लागले. चांगल्या डोळ्यांनी छापूनही पहिल्या वर्षी हिरवी रेघ यायचीच. बाबा शेजारी स्टुलावर बसत, वाळलेला ध्वज मांडीवर घेत, निळ्या-पिवळ्याच्या सीमेवर बोट फिरवत. "हिरवा." पेटी. "हिरवा." पेटी. आई आधीच भरलेल्या पेटीत दाबून जागा करत म्हणे, "अहो, पोरीला श्वास तरी घेऊ द्या." "श्वास घेतला की हात हलते," बाबा म्हणत. हळूहळू जमलं. एका वर्षी अख्खी माळ त्यांच्या बोटाखालून गेली आणि ते काहीच बोलले नाहीत. मी वाट पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "लावा." विहारात रामटेके गुरुजींनी ती माळ उन्हाकडे धरून पाहिली नाही, तशीच पोरांच्या हातात दिली, आणि बाबा शेजारच्या माणसाला विचारत राहिले, वारा आहे का, हलतात का.

मग माझं लग्न झालं. मी जवळच, शनिवार पेठेत, राहायला गेले, पण ध्वजांसाठी दर वैशाखात माहेरी येई. बाबांना तोपर्यंत दिवस आणि रात्र सारखेच झाले होते. थिनरमध्ये आयुष्य गेलेली बोटं, शेवटी शेवटी त्यांची कातडी जाड, गुळगुळीत झाली होती. साखरेचा आजारही होता. चहाचा पेला गरम आहे हे त्यांना धरल्यावर कळत नसे, आई आधी सांगत असे.

त्या वर्षी माझा मुलगा तान्हा होता. मध्येच रडला, मी त्याच्याकडे पाहिलं आणि पट्टी ओढली. वाळल्यावर पाहिलं तर सगळ्या थप्पीत हिरवी रेघ, जाड, दारातून दिसेल अशी. मी ती थप्पी बाजूला करतच होते तर बाबांनी हात पुढे केला. दिली. त्यांनी पहिला ध्वज मांडीवर पसरला, नेहमीसारखं बोट वरपासून खालपर्यंत सावकाश नेलं, थांबले, परत नेलं. आईनं पोळी लाटणं थांबवलं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

मी त्या रेघेकडे पाहत होते.

"हो बाबा," मी म्हणाले. "बरोबर आहे."

त्यांनी सगळी थप्पी तशी तपासली, एकेक, आणि एकेक बरोबर ठरवून माझ्या हातात दिली. "आता हात बसला तुझा." मी थप्पी घेऊन मागच्या खोलीत गेले, पेटी ओढली, ध्वज आत ठेवले. झाकण बसेना. मी दाबून पाहिलं, पण आणखी जोर केला असता तर आवाज झाला असता. आई पिठाच्या हातानंच आली, मला बाजूला केलं आणि झाकणावर बसली.

"काय वाजलं?" बाबांनी पुढच्या खोलीतून विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "पाय दुखून राहिले. जरा टेकली."